बॅडमिंटनचे नियम मुलांना शिकवावेत भांडणांच्या क्रमाने

मे महिन्यात संध्याकाळचे सहा वाजले की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या चार गाड्या बाहेर निघतात, दोन खांबांना दोरी बांधली जाते आणि पाच मिनिटांच्या आत पहिली आरोळी ऐकू येते. ‘‘आउट होतं!’’ ‘‘नव्हतं, रेघेवर पडलं!’’ मग रॅकेटी खाली आणि आवाज वर.

पुण्यातल्या या पार्किंगमध्ये मी काही वर्षं सुट्टीत मुलांना बॅडमिंटन शिकवते आहे. पहिल्या वर्षी मी शाळेच्या बाईंसारखी वागले. बारा मुलांना ओळीत बसवलं आणि खडूने कोर्ट आखून अर्ध्या तासात सगळे नियम सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय काय लक्षात आहे? एका मुलीला फुलाला, म्हणजे शटलकॉकला, १६ पिसं असतात एवढं आठवत होतं. बाकी शून्य. पण त्याच संध्याकाळी अंगाला लागलेल्या फुलावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तेव्हा सांगितलेला नियम ते दोघे आजतागायत विसरलेले नाहीत. तेव्हापासून माझा क्रम ठरला. ज्या दिवशी ज्या गोष्टीवरून भांडण होईल, त्या दिवशी तो नियम. आणि गंमत म्हणजे भांडणं दर वर्षी जवळपास त्याच क्रमाने होतात. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. आठ ते बारा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर आहेत. त्याहून लहान असतील तर निम्मं सोडून द्या.

खडू, दोरी आणि जुनी ओढणी

आखलेलं कोर्ट नसेल तर नियम शिकवता येत नाहीत, कारण निम्मे नियम रेघांचेच आहेत. मापं मीटरमध्ये वाचली (१३.४० बाय ६.१०) तर डोक्यात राहत नाहीत. फुटांत सोपी आहेत. लांबी ४४ फूट, रुंदी २० फूट. सिंगल्ससाठी दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट आत रेघ मारा, म्हणजे मध्ये १७ फूट उरतात. जाळीपासून दोन्हीकडे साडेसहा फुटांवर एक आडवी रेघ, आणि मागच्या रेघेपासून अडीच फूट आत आणखी एक आडवी रेघ. पुढच्या आडव्या रेघेच्या मध्यापासून थेट मागच्या रेघेपर्यंत एक उभी रेघ, ही दोन्ही अंगणांत, म्हणजे जाळीच्या दोन्ही बाजूंना. या रेघेने प्रत्येक अंगणात सर्व्हिसचे दोन चौक होतात. झालं कोर्ट.

हाताने आखलेला आयत हमखास तिरका होतो. दोन्ही कर्ण मोजून बघा, प्रत्येक ४८ फूट ४ इंच भरला पाहिजे. पायथागोरस शिकलेलं एखादं पोर टेपचं टोक धरायला घेतलंत तर तो हिशेब ते स्वतःच करून दाखवतं.

एवढी जागा नसेल तर रडत बसू नका. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला २० फूट रुंदी तशीही झेपत नाही. कोर्ट उभं चिरून दहा-दहा फुटांच्या दोन पट्ट्या करा. एकाच वेळी चार जण सिंगल्स खेळतात आणि रांगेत उभ्या राहिलेल्यांची कुरकुर कमी होते.

जाळीची उंची खांबापाशी ५ फूट १ इंच आणि मधोमध ५ फूट असते, म्हणजे मधला थोडासा झोळ नियमातच धरलेला आहे. लहानग्यांसाठी मी दोरी साडेचार फुटांवर बांधते. नुसती दोरी असली की फूल वरून गेलं की खालून, हा वाद कधीच मिटत नाही. दोरीवर जुनी ओढणी किंवा साडी टाकून पिना लावा. फूल कापडाला अडलं की कुणाला काही बोलताच येत नाही.

रॅकेट लहान मुलांच्या मापाची घ्या. मोठ्यांची रॅकेट ६८ सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकते, आणि दुसरीतलं मूल ती क्रिकेटच्या बॅटसारखी दोन्ही हातांनी धरतं. फूल नायलॉनचं घ्या. पिसांचं फूल शिकाऊ हातात एका संध्याकाळीसुद्धा टिकत नाही. नायलॉनच्या फुलाच्या बुचाभोवती, म्हणजे खालच्या गोल टोकाभोवती, रंगीत पट्टी असते. हिरवी म्हणजे संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, हवा मुंबईपेक्षा विरळ, त्यामुळे तेच फूल इथे जास्त लांब जातं. म्हणून मी हिरव्या पट्टीचं आणते. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे निळी चालेल. खात्री करायची तर मोठ्या माणसाने मागच्या रेघेवर उभं राहून खालून वर, पूर्ण जोर लावून, बाजूच्या रेघेला समांतर फटका मारावा. फूल पलीकडच्या मागच्या रेघेच्या साधारण पावणेदोन ते सव्वातीन फूट अलीकडे पडलं तर वेग बरोबर.

पहिले दोन दिवस: फूल पडू द्यायचं नाही

या दोन दिवसांत गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही, सर्व्हिसही नाही. फूल हाताने उडवून सुरू करायचं आणि दोघांनी मिळून किती वेळा मारता येतं ते मोठ्याने मोजायचं. दोघांचा मिळून आकडा वीसवर गेला की पुढच्या पायरीला जायचं.

मोजता मोजताच तीन नियम आपोआप येतात. फूल जमिनीला टेकलं की संपलं, टप्पा वगैरे भानगड इथे नाही (टेनिस बघणाऱ्या मुलांना हे सांगावं लागतं). फूल एका बाजूने एकदाच मारायचं. आधी वर उडवून मग पलीकडे, असं व्हॉलीबॉलसारखं चालत नाही. तिसरं, रॅकेटचा कुठलाही भाग चालतो. फ्रेमला लागून वेडंवाकडं गेलेलं फूल पलीकडे पडलं तर ते योग्यच. ‘‘काकू, तारांना लागलंच नाही!’’ ही तक्रार पहिल्याच दिवशी येते. येऊ द्या, आणि तिथेच उत्तर द्या.

चार-पाच वर्षांचं शेंडेफळ मध्ये लुडबुडत असतंच. त्याला कच्चं लिंबू करा. त्याला सगळं माफ. मुलांना ही व्यवस्था लगोरीपासून ठाऊक असते, समजवावी लागत नाही.

पहिलं भांडण: आत की बाहेर

तिसऱ्या दिवशी गुण मोजायला सुरुवात केली की रेघेचा प्रश्न येतो. नियम एका ओळीचा आहे: रेघ आतली. फुलाचा बूच रेघेच्या काठाला टेकला तरी आत. बूच पहिल्यांदा कुठे टेकला ते बघायचं, मग घरंगळत कुठे गेलं त्याला अर्थ नाही.

सांगून हे पटत नाही, डोळ्याला सवय लागावी लागते. मी मुलांना रेघेच्या दोन्ही बाजूंना बसवते आणि हाताने पंधरा-वीस फुलं रेघेच्या आसपास टाकते. प्रत्येकाने ओरडून ‘आत’ किंवा ‘बाहेर’ सांगायचं. गंमत ही की तिथे कुणाचाच गुण पणाला लागलेला नसतो, त्यामुळे सगळ्यांचं एकमत होतं. हे त्यांच्या लक्षात आणून द्या, जास्त काही बोलू नका.

खेळताना निकाल कुणी द्यायचा? ज्याच्या अंगणात फूल पडलं त्याने. त्याला खरंच दिसलं नसेल आणि दुसऱ्या कुणालाही सांगता येत नसेल तर ‘लेट’, म्हणजे ती रॅली (सर्व्हिसपासून फूल पडेपर्यंतचा खेळ) झालीच नाही असं धरून पुन्हा सर्व्हिस. हा खऱ्या सामन्यातलाही नियम आहे, मात्र तिथे तो पंचाच्या हातात असतो. आमच्याकडे एका गेममध्ये प्रत्येकाला दोनच लेट मागता येतात. नाहीतर हुशार मुलं दर गुणाला लेट मागतात. रडीचा डाव तो रडीचाच.

याच दिवशी दुसरं, जास्त अवघड भांडण येतं. फूल बाहेर चाललेलं असतं, खेळाडू रेघेबाहेर उभा असतो आणि फूल त्याच्या दंडाला लागतं. तो म्हणतो, बाहेरच जात होतं! समोरचा म्हणतो, तुला लागलं! समोरचा बरोबर आहे. फूल जमिनीला टेकेपर्यंत खेळ चालू असतो, आणि तोवर ते ज्याच्या अंगाला, केसांना, कपड्यांना लागेल त्याने गुण गमावला. तो कुठे उभा होता याला महत्त्व नाही. बाहेर जाणारं फूल हाताने झेलणाऱ्या शहाण्याचंही तेच. मुलांना हा नियम फार अन्यायाचा वाटतो. मी त्यांना एवढंच सांगते की बाहेर जातंय असं वाटलं तर बाजूला हो आणि पडू दे.

सर्व्हिस: इथे घाई करू नका

सगळ्या नियमांत सर्व्हिसचे सर्वांत जास्त, आणि मुलांचे हातही इथेच सर्वांत जास्त चुकतात. मी यावर तीन-चार संध्याकाळी घालवते. एका वेळी एक अट वाढवायची.

आधी फक्त मारणं. डाव्या हाताने (डावखुऱ्याने उजव्या) फूल पिसांच्या कडेला अंगठा आणि तर्जनीने धरायचं, बूच खाली. रॅकेट मागून पुढे, खालून वर. लहान मुलं फूल वर उडवतात आणि मग वारा घालतात. फूल वर न उडवता नुसतं सोडायचं, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. रॅकेट फिरली आणि फूल हुकलं तर सर्व्हिस वाया गेली, दुसरी संधी नाही. गल्ली क्रिकेटच्या ‘ट्राय बॉल’ची सवय झालेल्यांना हे फार झोंबतं. मात्र रॅकेट पुढे यायच्या आधीच फूल हातातून निसटलं तर सर्व्हिस सुरूच झालेली नसते. उचला आणि पुन्हा करा.

मग उंची. मोठ्या स्पर्धांत २०१८ पासून अट अशी आहे की मारताना अख्खं फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. १.१५ मीटर म्हणजे साधारण पावणेचार फूट. दुसरी-तिसरीतल्या मुलाची हनुवटी जवळपास तिथेच येते! तो नियम जसाच्या तसा लावला तर ही मुलं छातीच्या उंचीवरून सर्व्हिस ठोकतील आणि ती कायदेशीर ठरेल. म्हणून लहान मुलांना मी जुना नियम शिकवते. फूल कमरेच्या खाली हवं, आणि कंबर म्हणजे सर्वांत खालच्या बरगडीची पातळी. प्रत्येकाला स्वतःची शेवटची बरगडी बोटाने चाचपायला लावा. गुदगुल्या होतात, हसतात, पण लक्षात राहतं. उंची पाच फुटांच्या पुढे गेली की मग भिंतीवर १.१५ मीटरची खूण करून दाखवा.

नंतर पाय. सर्व्हिस करणारा आणि घेणारा, दोघांचेही दोन्ही पाय आपापल्या चौकात, रेघेला न शिवता, फूल मारलं जाईपर्यंत जमिनीला टेकलेले हवेत. क्रिकेटचा रनअप इथे नाही. पाय सरकवणाऱ्या मुलासाठी मी पावलांभोवती खडूने ठसे आखते, ‘‘या चपला सर्व्हिस होईपर्यंत घालून ठेव.’’

नंतर बूच. रॅकेट आधी बुचाला लागली पाहिजे, पिसांना नाही. आणि फूल सोडताना बोटांनी गरगर फिरवून द्यायचं नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेला एखादा सातवीतला हे करून दाखवतोच. अशा फिरकी सर्व्हिसवर जागतिक महासंघाने, म्हणजे बीडब्ल्यूएफने, २०२३ मध्ये बंदी आणली, हे त्याला सांगितलं की तो नाराज न होता उलट खूश होतो. आपण बंदी घालण्याइतकं काहीतरी भारी करत होतो, असं त्याला वाटतं.

हुलकावणीही नाही. रॅकेट एकदा पुढे निघाली की थांबवायची नाही. आणि समोरचा तयार नसताना सर्व्हिस केली तर लेट. पण त्याने ती परतवायचा प्रयत्न केला, तर तो तयार होता असंच धरायचं. मग ‘‘मी रेडी नव्हतो’’ चालत नाही.

सर्व्हिस जाळीच्या पट्टीला घासून पलीकडच्या योग्य चौकात पडली तर ती चालते. टेनिसमध्ये पुन्हा करतात, इथे नाही. हा नियम मोठ्यांनाही चुकीचा माहीत असतो, तेव्हा गॅलरीतून एखादे काका ‘‘लेट, लेट’’ ओरडले तर त्यांनाही खाली बोलवा.

तिरकं कुठे? चौकात अक्षर लिहा

सर्व्हिस तिरकी जाते हे मुलांना लवकर कळतं, पण कुठल्या चौकातून कुठल्या चौकात, हे कळायला वेळ लागतो. एक युक्ती सांगते. जाळीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे येणाऱ्या चौकात खडूने मोठ्ठं ‘सम’ लिहा, डावीकडच्यात ‘विषम’. दोन्ही अंगणांत तसंच. आता कुठूनही बघा, सम चौकाच्या तिरकं सम आणि विषमच्या तिरकं विषम. एकाच लिखाणात दोन नियम बसले.

सर्व्हिस करणाऱ्याचे स्वतःचे गुण सम असतील (शून्यही सम) तर सम चौकातून, विषम असतील तर विषम चौकातून. मुलं इथे दोन चुका करतात. समोरच्याचे गुण बघतात, किंवा दोघांची बेरीज करतात. त्यावर आमचा खेळ: मी आकडा ओरडते, ‘‘चौदा!’’ आणि सगळे सम चौकात पळतात. ‘‘सात!’’ विषम. मग अवघड करायचं: ‘‘माझे नऊ, तुझे चार, सर्व्हिस माझी!’’ आता समवाले गंडतात. पावसामुळे खेळ बंद पडला तर हे जिन्याच्या पायऱ्यांवरही खेळता येतं.

सर्व्हिसपुरता चौक सिंगल्स आणि डबल्समध्ये वेगळा असतो. सिंगल्सचा उंच आणि बारीक: मागे शेवटच्या रेघेपर्यंत, बाजूला आतली रेघ. डबल्सचा बुटका आणि जाडा: मागे अडीच फूट आतली रेघ, बाजूला सर्वांत बाहेरची. एकदा सर्व्हिस परतवली गेली की डबल्समध्ये सगळं कोर्ट मोकळं. मुलं मागची आतली रेघ पूर्ण रॅलीभर धरून बसतात, तेवढं सुधारा.

गुण, आणि आजोबांचा आक्षेप

प्रत्येक रॅलीला एक गुण, सर्व्हिस कुणाचीही असो. जो रॅली जिंकला तो पुढची सर्व्हिस करतो. गेम २१ गुणांचा, तीनपैकी दोन गेम जिंकणारा विजेता. २०-२० झाले तर दोन गुणांची आघाडी लागते, आणि २९-२९ पर्यंत ताणलं तर तिसावा गुण घेणारा जिंकला.

आता इथे घरातले आजी-आजोबा हटकतात. ‘‘सर्व्हिस हातात असेल तरच गुण मिळतो, पंधराचा गेम असतो, आणि डबल्समध्ये दोघांनाही सर्व्हिस मिळते.’’ ते खोटं बोलत नाहीत. २००६ पूर्वी तसंच होतं. मुलांसमोर त्यांना चुकीचं ठरवू नका. आजोबांनाच जुन्या पद्धतीने एक गेम खेळवायला सांगा. सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि दहा मिनिटांत गुणफलक २-१. मुलांना नवी पद्धत का आणली असेल ते विचारावं लागत नाही.

शिकाऊ मुलांना २१ फार होतात. अकराचा गेम ठेवा, रांग मोठी असेल तर सातचा. गुण पुकारायचे सर्व्हिस करणाऱ्यानेच, दर सर्व्हिसच्या आधी, आपले आधी आणि समोरच्याचे नंतर. सुरुवात ‘लव्ह ऑल’ने, म्हणजे शून्य-शून्य. सर्व्हिस हातातून गेली की ‘सर्व्हिस ओव्हर’ म्हणून नव्या सर्व्हिसवाल्याचे गुण आधी. हे मोठ्याने पुकारणं सक्तीचं करा. ‘‘माझे सात होते’’, ‘‘नाही, सहाच’’ या प्रकारची भांडणं तिथल्या तिथे थांबतात.

खऱ्या सामन्यात कुणाचे ११ झाले की जास्तीत जास्त ६० सेकंदांची विश्रांती असते आणि दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटांची. पहिला गेम संपला की बाजू बदलायच्या, दुसऱ्यानंतरही, आणि तिसऱ्या गेममध्ये ११ वर. पार्किंगमध्ये एका बाजूला ट्यूबलाइट थेट डोळ्यांत येते, त्यामुळे हा नियम का आहे हे आमच्या मुलांना फार लवकर कळलं.

विश्रांतीत मी कोकम सरबत देते आणि एखादी गोष्ट सांगते. या खेळाचे नियम १८७० च्या दशकात इथेच, पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून काढले आणि खेळालाही तेव्हा ‘पूना’ म्हणत, हे ऐकून मुलं पार्किंगकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ मध्ये परदेशातली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले आणि १९६१ मध्ये पहिल्या अर्जुन पुरस्काराच्या मानकऱ्यांत होते. क्रिकेटमधल्या दि. ब. देवधरांच्या तारा, सुंदर आणि सुमन या मुली १९४० च्या दशकात बॅडमिंटन गाजवत होत्या. मुलांचा आवडता मात्र मुंबईचा चिराग शेट्टी, कारण तो २०२२ ची थॉमस चषकाची, म्हणजे पुरुषांच्या सांघिक जागतिक स्पर्धेची, अंतिम लढत खेळताना त्यांच्या आईवडिलांनी टीव्हीवर पाहिला आहे.

डबल्स: कोण कुठे उभं राहणार?

दोन आठवड्यांच्या आत डबल्सला हात लावू नका. एकदा सुरू केलंत की सगळं भांडण एका प्रश्नावर येतं: आता सर्व्हिस कुणी करायची?

दोन वाक्यांचा नियम असा. सर्व्हिस आपल्याकडे असताना गुण मिळाला, तर सर्व्हिस करणाऱ्याने जोडीदाराशी जागा बदलायची आणि पुन्हा त्यानेच सर्व्हिस करायची. बाकी कुठल्याही वेळी कुणीही जागा बदलायची नाही. सर्व्हिस आपल्याकडे आली की आपले गुण बघायचे. सम असतील तर सम चौकात जो उभा आहे त्याने, विषम असतील तर विषम चौकातल्याने सर्व्हिस करायची.

हे तोंडी कधीच कळत नाही. चार मुलांच्या छातीवर क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या लावा आणि रॅली न खेळता नुसतं चालवून दाखवा. एका बाजूला क समवर, ख विषमवर. दुसऱ्या बाजूला ग समवर, घ विषमवर.

लव्ह ऑल: क सर्व्हिस करतो, ग घेतो. क-खने रॅली जिंकली, १-०. क आणि ख जागा बदलतात. आता क विषममधून सर्व्हिस करतो आणि घ घेतो, कारण ग-घ हललेले नाहीत. ही रॅली ग-घने जिंकली, १-१. कुणीही हलायचं नाही! ग-घचा एक गुण, विषम, म्हणून विषम चौकातला घ सर्व्हिस करतो. समोर विषममध्ये कोण आहे? क, कारण तो मघाशी तिथे गेला. पुन्हा क-ख जिंकले, २-१. कुणी हलायचं नाही. त्यांचे दोन, सम, आणि समवर आता ख आहे. म्हणून ख सर्व्हिस करतो, ग घेतो. क-खने पुन्हा गुण घेतला की ३-१, आता ख-क जागा बदलतात आणि ख विषममधून घला सर्व्हिस करतो.

चारदा चालवलं की मुलांना कळतं. मोठ्यांना सहादा लागतं, हा माझा अनुभव.

रॅली सुरू झाल्यावर कोणी कुठेही पळा, ही बंधनं फक्त सर्व्हिसच्या क्षणापुरती. रॅली संपली की आपापल्या चौकात परत. त्यासाठी प्रत्येकाने ‘मागच्या सर्व्हिसला मी कुठे होतो’ हे लक्षात ठेवायचं. सर्व्हिस ज्याला आली त्यानेच परतवायची. जोडीदाराने मध्ये घुसून मारली तर गुण गेला.

चुकीच्या माणसाने किंवा चुकीच्या चौकातून सर्व्हिस केली आणि तीन गुणांनंतर ते लक्षात आलं तर? जागा दुरुस्त करा, झालेले गुण तसेच राहू द्या. मागे जाऊन उजळणी करायची नाही. हाही पुस्तकातलाच नियम आहे, आणि मुलांना तो ऐकून हायसं वाटतं.

डबल्समध्ये एक गोष्ट नियमात नाही पण मी नियमासारखी पाळायला लावते. पुढे उभ्या असलेल्या मुलाने मागे वळून जोडीदाराचा फटका बघायचा नाही. फूल एवढं लहान असतं की डोळ्यावर बसलं तर खोबणीत शिरतं आणि गंभीर इजा होते. नजर समोर. जोडीदारांच्या रॅकेटी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ‘‘माझं!’’ असं ओरडायचं. पण समोरच्याला बिचकवायला ओरडणं हा दोष आहे आणि त्यात गुण जातो.

राहिलेले फॉल्ट

हे एकेका वाक्यात उरकतात. खेळ चालू असताना रॅकेट, हात किंवा कपडा जाळीला लागला तर गुण गेला, म्हणून दोरीला लटकायची सवय पहिल्या दिवसापासून मोडा. फूल आपल्या बाजूला आल्यावरच मारायचं, पलीकडे हात घालून नाही. फटका आपल्या बाजूला मारल्यावर रॅकेट ओघाने पलीकडे गेली तर चालतं. फूल रॅकेटवर झेलून, थांबवून, मग फेकणं नाही. फूल जाळीत अडकून बसलं तर सर्व्हिसला तो सर्व्हिस करणाऱ्याचा दोष, पण रॅलीत पलीकडे जाऊन अडकलं किंवा वर टेकून राहिलं तर लेट. छताला लागलं तर नियमाने गुण जातो. आमच्या पार्किंगचं छत मात्र जेमतेम नऊ फुटांवर आहे, तिथे पाइपला लागलं की आम्ही लेट धरतो. अशी घरची सूट द्यायला हरकत नाही. फक्त ती खेळाआधी सांगा, गुण गेल्यावर नाही.

पंचाची खुर्ची

चौथ्या आठवड्यापासून रांगेतल्या एकाला पंच करा. ज्याची सर्वांत जास्त भांडणं होतात त्याला आधी. नाणं नसलं तर फूल उडवून टॉस करायचा, बूच ज्याच्याकडे वळेल त्याने सर्व्हिस, रिसीव्ह किंवा बाजू यांतलं एक निवडायचं. पंचाने गुण पुकारायचे, सम-विषम सांभाळायचं आणि दिलेला निकाल फिरवायचा नाही. चुकेल, पोरं ओरडतील. तुम्ही मध्ये पडू नका. गेम संपल्यावर पंचाने स्वतःहून विचारलं तरच नियम सांगा.

गेल्या मेमध्ये आमचा सर्वांत भांडकुदळ भिडू पंच झाला तेव्हा पहिल्याच गेममध्ये त्याने सख्ख्या बहिणीची सर्व्हिस पाय उचलला म्हणून फॉल्ट दिली. घरी काय झालं ते मला माहीत नाही. पंचाची खुर्ची आमच्याकडे वॉचमनकाकांची असते. साडेआठला त्यांची ड्युटी सुरू होते, ते खुर्ची मागायला येतात, आणि गुण कितीही झालेले असोत, सामना तिथे थांबतो.